सोडा म्हणेपर्यंत

१

जनावरांशी मी अहो-जाहोनं बोलते, यावरून आमच्या दवाखान्यात माझी यथेच्छ टिंगल चालायची. पण त्याला माझा इलाज नव्हता. उभी हयात माणसांच्या इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली. छातीचा फोटो काढायचा म्हटलं की समोर न्यायाधीश असो नाहीतर खिसेकापू, तोंडातून तेच शब्द आपोआप बाहेर पडायचे. मोठा श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा. निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्याशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून मी प्राण्यांच्या दवाखान्यात लागले, आणि ते शब्दही माझ्याबरोबर तिथं आले.

"काकू, तो बोकड आहे," डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "त्याला 'हलू नका' म्हणून काय कळणार?"

"तुम्ही त्याला बाळा म्हणता ते तरी कुठं कळतं?" मी म्हणाले.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार आणि हसऱ्या. त्यामुळे आमचं जमलं. तिसरा पैलवान. तो प्राणी धरून ठेवायचं काम करायचा. दांडगा गडी, वळूसारख्या कुत्र्याला एका हातानं आडवं पाडील, पण मांजर आलं की घाम फुटायचा. "ताई, मांजराचं काही सांगता येत नाही," असं म्हणत तो कोपरापर्यंतचे मोजे चढवायचा.

एक्स-रेची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. खिडकी नाही. मधोमध टेबल, त्याच्यावर यंत्राचं डोकं लोंबतंय, आणि एका कोपऱ्यात मी उभी राहायची ती कपाटाएवढी बंद जागा. तिला आम्ही केबिन म्हणायचो. केबिनला जड दार आणि पुढं शिसं घातलेली जाड, पिवळसर काच. आत भिंतीवरच्या हुकाला वेटोळ्या वायरीचा स्विच अडकवलेला असायचा. तो हातात घेऊन अर्धा दाबला की यंत्र घुईं करून फिरायला लागतं आणि लाल दिवा लागतो. पूर्ण दाबला की फोटो. छातीच्या फोटोला फुप्फुसं हवेनं भरलेली लागतात, आणि ती हलता कामा नयेत. माणसाला तसं सांगता येतं. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला कोण सांगणार? अर्धा दाबून डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं, छाती फुगली की पूर्ण दाबायचं. बहुतेक वेळा फोटो अंधुकच यायचा.

काचेतून माझा आवाज पलीकडे जात नाही, पैलवानाला काही सांगता येत नाही, अशी तक्रार मी महिनाभर केली. शेवटी डॉक्टरांनी केबिनमध्ये माइक आणि खोलीत छताखाली स्पीकर बसवून दिला. "घ्या. आता कुत्र्यांपर्यंत तुमचं म्हणणं पोचेल," त्या म्हणाल्या. आम्ही तिघं पोट धरधरून हसलो.

२

पहिल्यांदा माझं ऐकलं ते एका लठ्ठ, लोंबत्या कानांच्या कुत्र्यानं. त्याला खोकला होता आणि धाप इतकी, की टेबलसुद्धा त्याच्याबरोबर हलत होतं. मी सवयीनं माइकवर म्हणाले, "मोठा श्वास घ्या."

त्यानं तोंड मिटलं. बरगड्या वर आल्या.

"रोखा. हलू नका."

तो दगडासारखा स्थिर झाला. मी बटण दाबलं. पडद्यावर जो फोटो उमटला, तसा फोटो मी जनावराचा कधी काढला नव्हता. एकेक शीर मोजून घ्यावी इतका स्वच्छ. "सोडा," मी म्हणाले, आणि तो पुन्हा जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला.

"याला भूल दिली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिस्त लावली," मी म्हणाले.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण नंतर एका मांजरीनं ऐकलं, मग एका सशानं, मग एका पोपटानं, जो पिंजऱ्यातून बाहेर काढल्यापासून सगळ्यांना शिव्या घालत होता. मी मनाशी म्हणाले, आवाजात वजन आहे आपल्या. प्राण्यांना शब्द कळत नसले तरी सूर कळतो. हळूहळू दुसऱ्या दवाखान्यांतून पेशंट यायला लागले. भूल न देता असे फोटो कुठंच निघत नव्हते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटायला लागला होता.

घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "चला, जगात कोणीतरी तुझं ऐकतं. या वयात का होईना."

"साहेबसुद्धा ऐकतात माझं," मी म्हणाले.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. तपकिरी, तोंडाशी पांढरा झालेला, चालण्यात असा रुबाब की हेच त्याला साहेब म्हणायला लागले. गेल्या साली ह्यांना न्यूमोनिया झाला आणि गोष्टी अगदी हाताबाहेर गेल्या. कितीतरी दिवस ह्यांचा श्वास यंत्र घेत होतं. मी काचेबाहेर उभी राहून ती छाती वर-खाली होताना बघत होते. त्यातून उठले ते साहेबांमुळे. रोज थोडं चाला, असं ह्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि साहेब दाराशी पट्टा तोंडात धरून बसायचे. कोण कोणाला फिरवतं हे शेजाऱ्यांना कळायचं नाही. तेव्हापासून दुपारी हे आरामखुर्चीत लवंडले की मी भांडी घासता घासता एक कान तिकडे ठेवते. नळ बंद करून ऐकते. श्वास ऐकू आला की पुन्हा नळ सोडते. मला दुसरं काही नको. ह्यांचा श्वास चालू राहू दे, एवढंच माझं मागणं.

३

एक पांढरी मांजरी आली होती. पोटावरून गाडीचं चाक जाता जाता वाचली होती, छाती तपासायची होती. पैलवान मोजे चढवून, मान जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवून उभा. मी म्हणाले, "मोठा श्वास घ्या. रोखा. हलू नका." बटण दाबलं, आणि फोटो यायच्या जागी पडद्यावर चूक झाल्याचा संदेश आला. कॉम्प्युटर अधूनमधून असा रुसायचा. मी त्याच्याकडे वळले, वायर काढली, पुन्हा खोचली, पडद्यावर काय येतं ते बघत बसले.

काचेवर धाडधाड आवाज झाला. पैलवान मुठीनं मारत होता.

मी बाहेर धावले. मांजरीची कूस हलत नव्हती. हिरड्या निळ्या पडल्या होत्या. डॉक्टर आल्या, त्यांनी तिची छाती चोळली, तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला, "अगं घे, घे ना," म्हणाल्या. काही नाही. मांजरी जिवंत होती, डोळे उघडे होते आणि ते केबिनच्या काचेकडे लागले होते.

माझ्या तोंडातून शब्द निसटला. "सोडा."

मांजरीनं श्वास सोडला. लगेच दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि चौथ्याला पैलवानाच्या मनगटाला चावली.

"भीतीनं होतं असं कधीकधी," डॉक्टर हात पुसत म्हणाल्या. "श्वासनलिका आवळते." त्या शिकलेल्या, अनुभवी. त्यांचं म्हणणं खरंच असणार, असं मी स्वतःला बजावलं. पण घाबरलेलं जनावर मला ओळखता येतं. ते कान पाडतं, अंग चोरतं. मांजरीच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. तो चेहरा मी हजारो वेळा बघितला होता, माणसांचा. फोटोच्या पाटीला छाती टेकवून, आपलं सगळं काही दुसऱ्याच्या हवाली करून, पुढच्या शब्दाची वाट बघणारा चेहरा. माणसांवर तो बघून मला कधी काही वाटलं नव्हतं. मांजरीवर बघून मी नजर वळवली.

४

दुसऱ्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. स्विच घ्यायचा, गप्प राहायचं, छाती फुगली की दाबायचं. फोटो पूर्वीसारखे अंधुक यायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर कपाळाला आठ्या घालायच्या. म्हातारी थकली असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे म्हटलं.

असे बरेच दिवस गेले. मग एका सशाचा फोटो काढला आणि तो लख्ख आला. ससा तो, बसला असेल गप्प. नंतर एका शिकारी कुत्र्याचा आला. तोही लख्ख.

"बरं झालं ताई," टेबल पुसता पुसता पैलवान म्हणाला. "परत बोलायला लागलात ते."

"कोण बोललं?"

"तुम्हीच की. स्पीकरवरून." त्याला वाटलं मी गंमत करतेय. "मोठा श्वास घ्या, रोखा. मी पण रोखतो आता. सवयच लागलीय."

मी केबिनमध्ये जाऊन बसले आणि विचार केला. हयातभराची सवय आहे. माणूस झोपेत बोलतो, तसं आपण जागेपणी बोलत असू. तोंड हललं तरी आपल्याला पत्ता नसेल. पुढच्या फोटोला मी वायरींना लावायचा एक चिमटा घेतला आणि दातांत घट्ट धरला. जबडा दुखेपर्यंत. फोटो लख्ख आला.

"बोलले मी?" बाहेर येऊन विचारलं.

"हो," पैलवान म्हणाला. मग त्यानं माझ्या हातातला चिमटा बघितला आणि त्याचं हसू जरा उतरलं. "ताई, पण 'सोडा' जरा लवकर म्हणत जा. परवा इतका वेळ लावलात की मला गरगरायला लागलं."

"मग सोडायचा श्वास! तुला कोण अडवतंय?"

त्यानं मान खाजवली. "ते खरं. पण तुम्ही म्हणाला नव्हतात ना."

मी डॉक्टरांना केबिनमध्ये उभं करून स्वतः खोलीत थांबू शकले असते. स्पीकरमधून काय येतं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. तो विचार मनात आला होता. मला ऐकायचं नव्हतं, हे खरं.

त्याच आठवड्यात पैलवान पडला. मी काचेतून बघत होते. एक मोठा, शांत कुत्रा टेबलावर, आणि पैलवान त्याच्या मानेवर हात ठेवून उभा. मी फोटो काढून कॉम्प्युटरकडे वळले होते. धप्प असा आवाज दाराच्या फटीतून आला. बघते तर पैलवान जमिनीवर, ओठ जांभळे, आणि कुत्रा टेबलावरून उडी मारून दार ओरबाडतोय. पडल्यावर पैलवानाचा श्वास आपोआप सुरू झाला. डॉक्टर म्हणाल्या, सकाळपासून पोटात काही नसणार. त्यांनी त्याला आठवडाभर घरी बसवलं.

घरी जाताना त्यानं चप्पल घालता घालता एकदा फक्त वर बघितलं, आणि ते बघणं रागाचं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

५

मी वायरमनला बोलावून स्पीकर काढायला लावला. माइक उपटला, मधली वायरसुद्धा भिंतीतून ओढून काढली. छताखाली नुसती चार खिळ्यांची भोकं राहिली. डॉक्टरांना सांगितलं की खरखर होते. स्पीकरचा डबा मी स्वतःच्या हातानं बाहेरच्या कचऱ्यात टाकला आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

त्यानंतर माझा घसा बसला. आधी खवखव, मग घोगरा आवाज, आणि एका सकाळी आवाजच नाही. तोंड उघडलं तर नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी तोंडात दिवा घालून बघितलं आणि आवाजाला सक्तीची विश्रांती सांगितली. हे तर खूश झाले.

"घरात इतकी शांतता मी लग्नाआधी बघितली होती," ते म्हणाले आणि खोकले. मी डोळे वटारले. तेवढंच हातात होतं.

खरं सांगायचं तर खूश मीही होते. स्पीकर नाही आणि आवाजही नाही. आता तोंड हललं काय आणि न हललं काय.

दोन फोटो काढले, दोन्ही पूर्वीसारखे गचाळ. मी ते अंधुक फोटो बघून देवाचे आभार मानले.

तेव्हाच साहेबांचा खोकला वाढला. तो त्यांना बरेच दिवस होता, पण मी त्यांना माझ्या खोलीत न्यायचं टाळत होते. औषधावर भागवत होते. त्या दिवशी भर दुपारी मी काम करत असताना हे साहेबांना घेऊन दवाखान्याच्या दारात उभे. साहेबांना नीट उभंही राहवत नव्हतं.

"ही 'नंतर बघू' म्हणेल, म्हणून मीच आणलं," हे डॉक्टरांना म्हणाले. "रात्रभर बसून होता. आडवा होईना."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हृदय वाढलंय की पाणी झालंय ते बघितल्याशिवाय औषध देता येणार नाही. काकू, लगेच छातीचा फोटो काढा."

मी जोरजोरात मान हलवली. टेबलावरचा कागद ओढून लिहिलं, 'आज नको. भूल देऊन काढू.'

"या अवस्थेत भूल? मरेल तो," डॉक्टर म्हणाल्या. "काकू, घरचं जनावर असलं की हात कापतो, मला माहीत आहे. पण तुमच्याइतकं छान कोणाला जमतंय?" तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि रक्तानं माखलेल्या कुत्र्याला दोघंजण उचलून आत घेऊन आले. डॉक्टर तिकडे धावल्या. धावता धावता म्हणाल्या, "पैलवान अजून घरीच आहे. काका, तुम्ही धराल ना? शिशाचा एप्रन घाला."

मी पुन्हा पेन उचललं. पण काय लिहिणार होते? काय लिहिलं असतं की ह्यांनी ते वाचून मला वेड्यात काढलं नसतं? साहेबांच्या नाकपुड्या फुलत होत्या, मान पुढं ताणलेली होती. हे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते ह्यांच्या आजारपणात मी काचेबाहेर उभी असताना माझ्या डोळ्यांत असलं पाहिजे. मी स्वतःला विचारलं, आज कसली भीती? स्पीकर कचऱ्यात गेला. आवाज तुझ्याकडे नाही. उलट आजच्याइतका सुरक्षित दिवस नाही.

मी पेन खाली ठेवलं.

६

"चिलखत आहे की काय हे!" एप्रनच्या वजनानं वाकत हे म्हणाले. मी मागून नाड्या बांधल्या. जरा जास्तच वेळ लावला. ह्यांच्या पाठीला हात लावून श्वास चालू आहे ना ते बघितलं.

साहेबांना टेबलावर छातीवर बसवलं. ह्यांनी एक हात मानेखाली आणि एक पाठीवर ठेवला. "बसा साहेब. फोटो चांगला आला पाहिजे, बाईसाहेब घरच्या आहेत." साहेब धापा टाकत होते. ती धाप ऐकत मी केबिनमध्ये गेले आणि दार ओढून घेतलं.

हुकावरून स्विच काढला. अर्धा दाबला. घुईं आवाज सुरू झाला, लाल दिवा लागला. काचेपलीकडे साहेबांच्या बरगड्या भराभर वर-खाली होत होत्या. फोटो गचाळ येणार, हे दिसत होतं, आणि मी मनात म्हणत होते, येऊ दे गचाळच.

साहेबांनी तोंड मिटलं.

बरगड्या वर आल्या. आणखी वर आल्या. त्यांच्या मागं ह्यांचे खांदे त्या जड एप्रनखाली हळूच उचलले गेले. मग दोघंही थांबले.

मी बटण पूर्ण दाबलं. फोटो निघाला की सुटेल सगळं, असं मला वाटलं. टिंग वाजलं, पडद्यावर फोटो आला. मी स्विच हुकाला अडकवला आणि दार ढकलून खोलीत धावले.

"सोडा," मी म्हणाले. ओठ हलले. घशातून हवा आली.

साहेबांची जीभ दातांमागं निळसर दिसत होती. ह्यांचा चेहरा लाल व्हायला लागला होता. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, काचेकडे. तोच चेहरा. सगळं हवाली करून, लक्ष देऊन उभा असलेला. मी ह्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन कुजबुजले, "अहो, सोडा, सोडा ना." ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांच्या पाठीवरचा हात मात्र उचलला आणि बोट वर केलं. थांब. मधे बोलू नकोस.

छताखाली जिथं चार खिळ्यांची भोकं होती, तिथून माझा आवाज आला. ठणठणीत, तरुणपणीचा असावा तसा.

"हलू नका."

तेव्हा मला कळलं की घुईं आवाज थांबलेलाच नाही. यंत्र फिरत होतं. मी वळून बघितलं. काचेपलीकडे लाल दिवा जळत होता. तो बोटानं स्विच दाबून धरल्याशिवाय लागत नाही. आत कोणी नव्हतं. हुक मोकळा होता, आणि वेटोळी वायर भिंतीपासून ताणली गेली होती, मी हातात धरते तेव्हा ताणली जाते तितकीच.

७

ह्यांना ओढून बाहेर काढावं म्हणून मी कमरेला मिठी घातली. हे टेबलाला धरून उभे, वर ते शिशाचं वजन. तसूभर हलले नाहीत. कानाला ह्यांची छाती लागली होती, आणि तिच्या आत कितीतरी काळ काही हललेलं नव्हतं. नुसतं हृदय. तेही चुकत होतं.

मी ह्यांना सोडलं आणि केबिनकडे गेले. मला भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही. दार हाताला जड लागत होतं. पण ह्यांच्यासाठी मी त्याहून वाईट ठिकाणी गेले असते.

आत माझं स्टूल, माझी पाण्याची बाटली, पडद्यावर साहेबांच्या छातीचा फोटो. एकेक शीर मोजून घ्यावी असा. स्विच माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता, अर्धा दाबलेला. मी हात पुढं केला आणि तो धरला. गरम होता, घामानं ओलसर, आत्ताच कोणाच्या तरी मुठीतून आल्यासारखा. त्यानं मला अडवलं नाही. तो सहज माझ्या हातात आला आणि माझा अंगठा त्याच्या जागेवर जाऊन बसला. जणू माझीच वाट बघत होता.

मी अंगठा उचलला. घुईं आवाज खाली खाली जात बंद झाला, दिवा विझला.

"सोडा."

हा आवाज छतातून आला नाही. माझ्या तोंडातून आला. माझा दुसरा हात माझ्या गळ्यावर होता, आणि गळ्यात काही थरथरलं नाही.

काचेपलीकडे हे खोकत टेबलावर ओणवे झाले. साहेबांनी अंग झाडलं आणि धापा टाकायला सुरुवात केली. मी स्विच तसाच टाकून बाहेर पळाले. ह्यांच्या गालांना, कपाळाला, छातीला हात लावून बघितला. श्वास येत होता, जात होता. घरघर होती, पण ती नेहमीची, माझ्या ओळखीची घरघर. मला रडू फुटलं. आवाज नसल्यामुळे नुसतेच अश्रू.

"अगं, रडतेस काय? जरा दम लागला एवढंच. शिसं घातलंय अंगावर, लागणारच," हे म्हणाले. डोळे पुसले, आणि मग एकदम हसले. "पण तुझा घसा सुटला की गं! केवढ्यानं 'सोडा' म्हणालीस. मला वाटलं संपलं आमचं सुख."

साहेब शेपूट हलवत होते. मला ह्यांना सांगायचं होतं की अहो, आधी या खोलीतून बाहेर चला, बाकी सगळं नंतर. मी तोंड उघडलं.

ह्यांचं हसू तिथंच थांबलं. साहेबांनी तोंड मिटलं. माझ्या तोंडाकडे बघत, दोघांनी एकदमच मोठा श्वास घेतला आणि रोखून धरला.

दोघंही माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते. मी तो म्हणाले, पुन्हा म्हणाले, आणि घशातून नुसती हवा आली.